देवाची अब्रू

बाजरी सोंगणीला आली की माझ्या मोबाईलवर आक्का येते. यंदाही आली. सकाळी चहा गाळत होते आणि कुठल्याशा प्रार्थनेच्या ग्रुपवर तिचा व्हिडिओ येऊन पडला. या ग्रुपमध्ये मला कोणी घातलं हे मला आजवर कळलेलं नाही. खाली हात जोडल्याची चित्रं आणि तळटीप, 'ही सामर्थ्यशाली साक्ष पुढे पाठवा, आशीर्वाद अडवू नका.' व्हिडिओत माझी थोरली बहीण आमच्या गावच्या देवळात उभी आहे. हिरवं इरकल, डोक्यावर पदर, पदराखाली नुकते उगवलेले आखूड केस. मागे बाजरीची ताटं बांधलेली. ती म्हणते, "परभूनं मला बरं केलं." लोक टाळ्या वाजवतात आणि व्हिडिओ संपतो. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली हे पाठवणाऱ्यांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक आहे ते सांगत नाहीत.

आम्ही नगर जिल्ह्यातले जुने ख्रिस्ती. जिल्ह्याचं नाव बदललं, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय. चर्चला आम्ही देऊळ म्हणतो, पाद्र्याला पाळकसाहेब, आणि भेटलो की एकमेकांना सलाम करतो. आमचं गाव तिसगावच्या पलीकडे, जिथे पाऊस आला तर पाहुणा आणि नाही आला तर नेहमीचाच. बाजरी, तूर, मटकी, हुलगे, आणि विहिरीला पाणी असलं तर थोडा कांदा. पहिलं पीक घरात येतं न येतं तोच आमचा सुगीचा सण असतो. त्या रविवारी ज्याच्या रानात जे पिकलं त्यातलं थोडं देवळात न्यायचं, देवाचे उपकार मानायचे आणि दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं.

त्या रविवारचा वास अजून माझ्या नाकात आहे. वेदीच्या दोन्ही बाजूंना बाजरीची ताटं उभी असायची. खाली भोपळे, मटकीच्या शेंगा, पाटीभर सीताफळं. देवळाली प्रवऱ्याला दिलेल्या कोणा लेकीच्या घरून उसाची मोळी यायची, आणि सगळी पोरं उपासनाभर तिच्यावर डोळा ठेवून बसायची. पाय बांधलेली एखादी कोंबडी पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत मधूनच बोलायची. पत्र्याच्या फटीतून चिमण्या आत शिरून कणसांवर बसायच्या आणि देवाला वाहिलेलं पीक देवाच्या आधी खायच्या. आठवडाभर कणसं खुडून आलेल्या बायांच्या मानेवर बाजरीची बारीक कूस टोचून पुरळ उठलेलं असायचं, त्यामुळे गंभीर चेहरा करून सगळ्या एकसारख्या मान खाजवत बसायच्या. मग लिलाव व्हायचा. ज्याने अंडं घेतलं त्याने ते पुन्हा देवालाच द्यायचं, की परत बोली सुरू. बिचारं अंडं दुपारपर्यंत फिरून फिरून दमायचं.

लिलावानंतर साक्षी. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय काम केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. चांगली रीत आहे. देवाचं नाव घेऊन कुढत बसण्यापेक्षा चार माणसांत बोललेलं बरं. पण ऐकून ऐकून मला तिचा साचा पाठ झालाय. आधी सगळं बिघडलेलं असतं. मग डॉक्टर हात टेकतात. आमच्या साक्षींमधल्या एकाही डॉक्टरने आजवर हात टेकायचं चुकवलेलं नाही. मग प्रार्थना होते, आणि 'दुसऱ्याच दिवशी' सगळं ठीक होतं. मग टाळ्या, मग आमेन.

आक्काची साक्ष या साच्यात कधी बसली नाही. ती उठायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "सगळ्यांला सलाम. काल भाकरी करताना सरपन वलं हुतं. धुरानं डोळं गेलं माझं. मंग वारं फिरलं. परभूची स्तुती असो." आणि बसायची. लोक हसायचे. एकदा खुडूक कोंबडी अंड्यांवर नीट बसली म्हणून तिने उपकार मानले. एकदा एसटी चुकली, पण मागून दुधाचा टेम्पो आला म्हणून. दाजी वारल्यानंतरच्या सुगीला ती उभी राहिली आणि म्हणाली, "मालक गेल्यापासनं परवा रात्री पैल्यांदा झोप लागली." तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. देवाला एवढी बारीक कामं असतील का, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, त्याला कामं असलीच तर हीच असतील. मोठ्या कामांचा हिशेब मला तरी लागलेला नाही.

एका थंडीत तिच्या छातीत गाठ निघाली. मी नगरला शाळेत शिकवत होते, तिला माझ्याकडे घेऊन आले. ऑपरेशन झालं, नंतर औषधाच्या सलाईनी झाल्या. केस गेले. तोंडाची चव गेली. ती खिडकीशी बसून कण्या-पेज खायची आणि गावाकडच्या शेळ्यांची काळजी करायची. शेळ्या तिच्या शेजारणीकडे, शकीलाभाभीकडे होत्या. भाभी रोज सकाळी फोन लावून शेळ्यांना फोनजवळ उभं करायची आणि आक्का त्यांच्याशी बोलायची. हसू नका, त्या बोलण्याने ती दोन घास जास्त खायची. पावसाळा लागला तशी डॉक्टरीणबाईंनी तिला गावी जायची परवानगी दिली. गोळ्या लिहून दिल्या, तपासणीच्या तारखा दिल्या आणि बजावलं, "मावशी, दिसत नाही म्हणजे गेली असं समजू नका. यायचं चुकवू नका."

त्या साली पाऊस असा पडला की म्हातारी माणसंसुद्धा जुनी वर्षं आठवू लागली. बाजरी माणसाच्या वर गेली. सुगीला मी रजा काढून गेले होते. आक्का बांधावर बसलेली, शेजारी शकीलाभाभी, मध्ये आगटी. मागास राहिलेली कोवळी कणसं तीत भाजून दोघी तळहातावर चोळत होत्या आणि फुंकर मारून कोंडा उडवत होत्या. गरम दाणे, गूळ आणि थोडं मीठ. आक्काच्या नव्या केसांवर कोंडा पडलेला. ती बोटांनी तो काढत म्हणाली, "बघ गं, आडकाया लागलाय. म्हंजी केस आलं." एवढी आनंदात मी तिला नंतर पाहिली नाही. त्या दुपारीच सगळं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं.

सणाच्या आदल्या दिवशी पाळकसाहेब आणि मंडळीतले एक पंच घरी आले. उद्याची साक्ष आक्काने द्यायची, असं ठरवूनच आले होते. आक्का हरखली. काय सांगणार ते तिने त्यांना आधीच सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंचा हात किती हलका. शकीलाभाभीने शेळ्या पोटच्या पोरीसारख्या राखल्या. मी कशी पेज करून घातली. सलाईन घेऊन येताना एसटीत ओकारी झाली, तर कंडक्टरने एक शब्द न बोलता खिडकीची जागा करून दिली. "यवढ्या हातांनी देवानं माझं काम केलं," ती म्हणाली, "त्यातलं येक बी इसरायचं न्हाई मला."

पाळकसाहेब गोड माणूस. बशीतला चहा संपवून म्हणाले, "सुंदर आहे आक्का, पण लांबतं. माणसांचं थोडं कमी करू, प्रभूचं वाढवू. ऐकणाऱ्याचा विश्वास वाढला पाहिजे."

"आन् त्ये मुसलमानाच्या बाईचं तर नगंच," पंच म्हणाले.

"शेळ्या तिनंच राखल्या की वो."

"राखल्या आसतील. पन देवळात कशाला?"

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हणाले, "साहेब, तिच्या तपासण्या अजून चालू आहेत. बरी झाली असं डॉक्टरसुद्धा म्हणालेले नाहीत." पाळकसाहेब माझ्याकडे बघून हसले. शिकलेल्या बायकांकडे बघून हसण्याचं एक खास हसू त्यांच्याकडे होतं. "बाई, विश्वासाला तपासणी नसते." मी आक्काकडे पाहिलं. ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. पाळकसाहेबांपुढे ती जन्मात कधी उलट बोलली नव्हती, आणि त्या दिवशीही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी कापून कापून उरलेलं एक वाक्य तिने म्हटलं. तेच आज सगळीकडे फिरतंय. टाळ्या थांबायच्या आत पाळकसाहेबांनी तिच्या हातातला माईक घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "आजपासून या भगिनीला कोणत्याही औषधाची गरज उरली नाही!" तेव्हा आक्काने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तो व्हिडिओ त्याच्या आधीच कापलाय, त्यामुळे तिचं ते पाहणं कोणाच्या मोबाईलवर दिसत नाही. मी मात्र तिसऱ्या रांगेत होते.

मग माणसं येऊ लागली. आधी गावातली, मग लांबची. काष्टीहून एक कुटुंब टेम्पो करून आलं, लकवा झालेल्या म्हाताऱ्याला गोधडीत घालून. आक्काने हात ठेवून प्रार्थना करावी अशी त्यांची इच्छा. कोंबडीसाठी आणि ओल्या सरपणासाठी उपकार मानणारी माझी बहीण बघता बघता चमत्कार झालेली बाई झाली. मी फोनवर विचारायची, तपासायला कधी येतेस? "बाजरी पाखडून झाली की येते." मग, "तूर निघू दे." मग, "नाताळ झाला की येतेच बघ." आवाज खणखणीत असायचा. गोळ्या घेतेस ना, तर म्हणायची, "व्हय, घेते की." आक्का खोटं बोलेल हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं, कारण ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

थंडी सरत आली तेव्हा शकीलाभाभीचा फोन आला. "बाई, तुमी या. आक्का मला जवळ येऊ देत न्हाईत. पन मी बघितलंय. हात सुजून खांबाएवढा झालाय, आन् वास येतोय."

मी गेले. आक्का बाजेवर बसली होती, अंगावर शाल. शाल बाजूला केली तेव्हा मला दिसलं ते मी इथे लिहिणार नाही. जखमेवर तिने जुन्या लुगड्याच्या धडप्यांच्या घड्या बांधल्या होत्या आणि वरून हळद. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या बहिणीवर ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "साक्ष दिलीया मी. नगरच्या दवाखान्यात आपल्यातलं कोन ना कोन भेटतंच. मला रांगंत बघितलं तर काय म्हनतील? देव खोटा पडंल."

"आणि तू मेलीस म्हणजे?"

"मानसं मरत्यातच की गं. त्यात देवाची अब्रू जात न्हाई."

हे वाक्य मी कितीतरी वर्षं चघळतेय आणि त्याचा कडूपणा जात नाही. ज्याने समुद्र दुभंगून वाट केली असं आम्ही पोरांना शिकवतो, त्याची अब्रू झाकायला आमच्या गावच्या एका विधवेचा पदर लागावा? आणि तोही त्याने लागू द्यावा? माणसांची अब्रू झाकता झाकता आमच्या बायकांचा जन्म जातो. नवऱ्याची झाका, सासरची झाका, मुलाची झाका. आता यात देवाचीही भर. तिला कोणी दवाखान्यात जाऊ नको असं सांगितलं नव्हतं, हे खरं आहे. पाळकसाहेब नंतर मला हेच म्हणाले, "आम्ही नको म्हटलं नव्हतं हो." नव्हतंच म्हटलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची आणि मग म्हणायचं, आम्ही कुठे त्याला उंदीर धरू नको म्हटलं.

शेवटी मीच गाडी करून तिला नगरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला ओळखलं. "मावशी, इतके दिवस कुठे होतात?" आक्काने शाल बाजूला केली. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून बाहेर आल्या आणि खिडकीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. आमच्या साक्षींमध्ये हात टेकणारे ते डॉक्टर मी त्या दिवशी खरे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं.

उन्हाळ्यात आक्का गेली. मातीच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूने आपल्या लेकीला आता स्वर्गात पूर्ण बरं केलंय." म्हणजे वाक्य तेच, नुसता पत्ता बदलला. माती देऊन परतताना माझ्या मागून दोन बाया चालल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "इस्वास डळमळला आसंल गं मधी कवातरी." शकीलाभाभी कबरस्तानाच्या तारेबाहेर उभी होती. आक्काच्या शेळ्या तिने सोबत आणल्या होत्या, घरी एकट्या ओरडत होत्या म्हणून.

लोक मला विचारतात, तरी तुम्ही देवळात कशा जाता? जाते. नगरला दर रविवारी जाते, पुढच्या बाकावर बसते. देव सोडला तर मग भांडायचं कोणाशी? माझी प्रार्थना हल्ली भांडणासारखीच असते, आणि तो ऐकत असेल तर त्याला माझा आवाज चांगलाच ओळखीचा झाला असेल. फक्त कोणी साक्ष द्यायला उठलं की मी उठून बाहेर जाते आणि चपला शोधत असल्यासारखं करते.

यंदा व्हिडिओ आला त्याच आठवड्यात गावच्या नव्या पाळकसाहेबांचा फोन आला. तरुण आहेत, बदलून आलेले, आधीचं काही ठाऊक नाही. "आक्कांची साक्ष पाहिली. फार प्रेरणा मिळते. सुगीच्या सणाला त्यांच्या भगिनी म्हणून आपण चार शब्द बोलावेत." नाही म्हणायला तोंड उघडलं आणि येते म्हणून बसले.

गावात आता बाजरी थोडी आणि कांदा फार. मळणीयंत्र रस्त्यावरच उभं राहतं आणि भुसा साऱ्या गल्लीत उडतो. देवळाला नवे पत्रे आलेत, त्यामुळे चिमण्या आत येत नाहीत. लिलावाला माईक, साक्षीला माईक आणि प्रत्येक हातात मोबाईल. पाळकसाहेबांनी माझं नाव पुकारलं तसे सगळे मोबाईल वर झाले. शाळेत इतकी वर्षं बोलले, पण तिथे खोटं ठरायची भीती नव्हती.

मी म्हणाले, "सगळ्यांना सलाम. माझ्या बहिणीला देवाने बरं केलं नाही. गाठ परत आली होती. देवाचं आणि तुमचं नाव जाऊ नये म्हणून तिने ती लपवली. कुजत बसली, पण वेळेत दवाखान्यात गेली नाही. तिला जे खरं सांगायचं होतं ते तुम्ही सांगू दिलं नाही. ते असं होतं, की तिची डॉक्टरीण, तिची शेजारीण शकीलाभाभी आणि एक एसटीचा कंडक्टर यांच्या हातांनी देवाने तिचं काम केलं. तेवढंच मी सांगायला आले."

मागून कोणीतरी सवयीने "आमेन" म्हणालं आणि मग जीभ चावली. मोबाईल एकेक करून खाली गेले. पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी घाईने गाण्याचा क्रमांक सांगितला, पेटीवाल्याने चुकीचा सूर धरला आणि सगळे वेगवेगळ्या पट्टीत गायले. जेवताना माझ्या पंगतीत दोन्हीकडची पानं रिकामी राहिली. मटणाचा रस्सा वाढणाऱ्या बाईने माझ्या पानात वाढलं, पण वर पाहिलं नाही. बरं झालं बोललीस, असं एकही माणूस मला म्हणालं नाही. मला वाटलं होतं की मन हलकं होईल, तेही झालं नाही.

हात धुवायला टाकीपाशी गेले. तिथे रूथ भांडी घासत होती. अंगणवाडीत मदतनीस आहे ती, दोन लेकरांची आई. गेल्या सुगीला तिचीच साक्ष झाली होती हे मला नंतर कळलं. पोटातलं दुखणं प्रार्थनेने गेलं, अशी. ती राखेचे हात तसेच ठेवून उभी राहिली. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळू म्हणाली, "बाई, ज्येला गेलं म्हनले ना मी, त्ये गेलंच न्हाई. आता रगत बी जातंय."

"घरी माहीत आहे?"

"न्हाई. कोनालाच न्हाई." मग घाबरून म्हणाली, "दवाखान्यात गेलं तर लोकांला काय सांगायचं?"

"सांगायचं काहीच नाही. उद्या सकाळी तिसगावच्या स्टँडवर ये."

ती येईल अशी माझी खात्री नव्हती. आली. हातात पिशवी, पायांत लेकीच्या चपला. नगरच्या एसटीत खिडकीशी बसली आणि करंजी घाट लागेपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. किती उशीर झालाय ते मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. घाटात गाडी हळू झाली तशी तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता, आणि डोळ्यांत मात्र पुरता विश्वास होता.

"बाई," ती म्हणाली, "काल देवानंच तुमाला हुबं केलं. माझ्यासाटीच केलं."

मग आक्कासाठी त्याने कोणाला का उभं केलं नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "केलं असेल. पण कुणाला सांगू नकोस."